जयपूरचे सवाई मानसिंह : गादी गेली, राजवाड्याचं हॉटेल झालं, पण पोलो शेवटपर्यंत सुटला नाही

१९०२ साल. लंडनमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची तयारी सुरू होती आणि जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनाही आमंत्रण होतं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. महाराजांना जायचं तर होतं, पण परक्या मुलखातलं पाणी प्यायचं नव्हतं.

मग हजारो चांदीची नाणी वितळवून घडवलेले प्रचंड कलश गंगाजलाने भरण्यात आले आणि जहाजावर चढवण्यात आले. एका कलशाचं वजन ३४५ किलो आणि त्यात मावणारं पाणी सुमारे ४ हजार लिटर. यातले दोन कलश आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात.

यानंतर बरोबर ३१ वर्षांनी, १९३३ साली, याच माधोसिंहांचा दत्तक मुलगा इंग्लंडला गेला. या वेळी जहाजातून गेले ते घोडे. त्या एका उन्हाळ्यात या तरुण महाराजाच्या टीमने इंग्लंडमध्ये जी स्पर्धा खेळली ती जिंकली. ज्या इंग्रजांनी पोलोचे नियम लिहिले, त्यांनाच त्यांच्या मैदानावर हरवलं.

हा महाराजा म्हणजे सवाई मानसिंह दुसरे. पोलो म्हटलं की डोळ्यांसमोर राजेमहाराजे, शॅम्पेन, उंची कपडे आणि देखण्या राण्या येतात. भारतात हे चित्र तयार होण्यामागे या एका माणसाचा मोठा वाटा आहे. पण या चित्रामागची गोष्ट फक्त झगमगाटाची नाही.

ठिकाण्यातला मुलगा राजा कसा झाला?

मानसिंह जन्माने जयपूरचे युवराज नव्हते. २१ ऑगस्ट १९१२ रोजी जयपूर संस्थानातल्या ईसरदा या ठिकाण्यात, म्हणजे जहागिरीत, त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मोरमुकुटसिंह. ईसरद्याच्या ठाकूरांचे ते धाकटे चिरंजीव. म्हणजे त्यांना ईसरद्याची जहागीरही मिळणार नव्हती.

माधोसिंह महाराजांना राण्यांपासून वारस नव्हता. ते स्वतःही ईसरद्याहूनच दत्तक आलेले. त्यांनी पुन्हा त्याच घराकडे पाहिलं आणि १९२१ साली या मुलाला दत्तक घेतलं. आईवडिलांचं घर सुटलं, नाव बदललं आणि दीड वर्षात गादीही आली. सप्टेंबर १९२२ मध्ये माधोसिंह वारले, तेव्हा नवे महाराजा जेमतेम १० वर्षांचे होते.

हे घराणं मराठी माणसाला अनोळखी नाही. अकबराचे सेनापती राजा मानसिंह याच कछवाह घराण्यातले. शिवाजी महाराजांशी १६६५ साली पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंगही याच घराण्यातले. पुढे सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर शहर वसवलं. सवाई म्हणजे इतरांपेक्षा सव्वापट, असा त्या किताबाचा अर्थ.

पण १९२२ सालच्या या सव्वापट राजाच्या हातात काहीच नव्हतं. राज्यकारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. मुलाचं शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमधल्या वुलिचच्या लष्करी अकादमीत झालं. पूर्ण अधिकार मिळाले ते १९३१ साली.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १९२४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच, जोधपूरच्या राजकन्येशी त्यांचं लग्न लागलं. वधू वयाने बरीच मोठी होती. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पोलोची ओढ लागली.

पोलोची राजधानी जोधपूर

पोलो हा इंग्रजांचा खेळ, असा एक गैरसमज आहे. खरं तर इंग्रज हा खेळ भारतातच शिकले.

इराणमध्ये हा खेळ चौगान नावाने शतकानुशतकं खेळला जायचा. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. अकबराला तर या खेळाचं इतकं वेड की रात्री खेळता यावं म्हणून तो पळसाच्या लाकडाचे पेटते चेंडू वापरायचा.

मुघलांसोबत हिंदुस्तानच्या बहुतेक भागातून चौगान मागे पडला. तो टिकला हिमालयाच्या कुशीत आणि मणिपूरमध्ये. मणिपूरमध्ये त्याला सगोल कांगजेई म्हणतात. आसामातल्या चहामळ्यांवरच्या इंग्रजांनी मणिपुरी खेळाडूंना पाहिलं आणि १८५९ मध्ये सिल्चरला क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्त्याचा क्लब आला. तिथून हा खेळ लष्करी छावण्यांत आणि मग जगभर पोचला. पोलो हे नावही तिबेटी वळणाच्या बाल्टी भाषेतल्या पुलू या शब्दावरून आलं. पुलू म्हणजे चेंडू.

राजपुतान्यात हा खेळ रुजवला तो जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला ते जोधपूरची पोलो टीम घेऊन इंग्लंडला गेले होते. घोडेस्वारीची जोधपुरी विजार त्यांच्यामुळेच जगाला माहीत झाली. १९२२ साली दिल्लीत जोधपूरने तेव्हाच्या बलाढ्य पटियालाला हरवलं आणि हिंदुस्तानातल्या पोलोची सूत्रं राजपूत संस्थानांकडे आली.

मानसिंह याच जोधपूरचे जावई झाले. सर प्रतापसिंहांचे दोन मुलगे, रावराजा हणूतसिंह आणि रावराजा अभयसिंह, पुढे त्यांच्या टीमचे आधारस्तंभ बनले. चौथे होते बारियाचे पृथ्वीसिंह. जयपूरची जगजिंकणारी टीम म्हणतात ती हीच.

चार माणसं आणि एक मोठी पागा

पोलोत एका बाजूला चार खेळाडू असतात. मैदान साधारण २७५ मीटर लांब आणि १४५ मीटर रुंद. म्हणजे फुटबॉलची अनेक मैदानं त्यात सहज बसतील. खेळ चकरांमध्ये विभागलेला असतो. इंग्रजीतला चकर हा शब्द आपल्या चक्करवरूनच गेला. एक चकर साधारण सात मिनिटांची.

या सात मिनिटांत घोडा पूर्ण वेगाने धावतो, एकदम थांबतो, जागच्या जागी वळतो आणि दुसऱ्या घोड्याला खांदा भिडवतो. त्यामुळे चकर संपली की घोडा बदलावा लागतो. म्हणजे मैदानावर चार खेळाडू दिसत असले तरी त्यांच्या मागे डझनावारी घोडे उभे असतात. घोड्यांमागे मोतद्दार, नालबंद, खोगीर सांभाळणारे आणि घोड्यांचे डॉक्टर.

प्रत्येक खेळाडूला त्याच्या कसबानुसार उणे २ ते १० असा हँडिकॅप दिला जातो. दहाचा मान जगात फार थोड्यांना मिळतो. मानसिंह आणि हणूतसिंह त्यांच्या भरात या यादीच्या वरच्या टोकाला होते.

खेळताना मानसिंहांची पकड घोड्यावर होती, तर हणूतसिंहांची डावावर. महाराजा मालक आणि बाकीचे त्यांचे मानकरी, असं मैदानावर चालत नाही. चेंडू ज्याच्या रेषेत असेल त्याला वाट द्यावी लागते, मग तो कुणीही असो. मैदानावरचं हे शहाणपण या टीमने पाळलं. म्हणूनच १९३० च्या दशकात हिंदुस्तानातली मानाची स्पर्धा ही टीम वर्षानुवर्षं जिंकत राहिली.

१९३३ च्या उन्हाळ्यात हर्लिंगहॅम, रॅनेला, रोहॅम्प्टन ही इंग्रजी पोलोची मोठी मैदानं या चौघांनी गाजवली. मानसिंह तेव्हा २० वर्षांचे होते. देखणे, उंचेपुरे आणि राजे. लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात ते जय या नावाने ओळखले जाऊ लागले. ते शेवटपर्यंत मित्रांसाठी जयच राहिले.

बडोद्याची नात

१९३१ साली मानसिंह पोलो खेळायला कलकत्त्याला गेले होते. मुक्काम होता कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे यांच्या वुडलँड्स या घरी.

इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतः पत्र पाठवून मोडलं होतं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं होतं. त्या काळात या गोष्टीने अख्ख्या संस्थानी जगात खळबळ उडाली होती.

त्यांची मुलगी गायत्री तेव्हा १२ वर्षांची होती. पोलो जिंकून आलेला हा पाहुणा तिच्या मनात घर करून राहिला. पुढे दोघांच्या गाठीभेटी वाढल्या आणि १९४० साली कूचबिहारला त्यांचं लग्न झालं.

मात्र गायत्रीदेवी मानसिंहांच्या तिसऱ्या पत्नी होत्या. पहिलीनंतर १९३२ साली जोधपूरचीच दुसरी राजकन्या जयपूरला आली होती. ती पहिल्या राणीची भाची. हे दोन्ही संबंध घराण्याघराण्यांनी जुळवलेले होते. या दोघी राण्या पडद्यात राहिल्या. गायत्रीदेवी मात्र पतीसोबत मैदानावर, पार्ट्यांमध्ये, परदेशात आणि कॅमेऱ्यासमोर दिसू लागल्या.

पोलोच्या ग्लॅमरचे जे जुने फोटो आज सोशल मीडियावर फिरतात, त्यांत मानसिंह आणि गायत्रीदेवी असतात. त्याच राजवाड्यात पडद्याआड जगलेल्या दोन राण्या त्या फोटोंत सहसा नसतात.

मैदानाबाहेरचं जयपूर

फोटोत न दिसणारी आणखीही माणसं होती. १९३१ च्या जनगणनेत जयपूर संस्थानाची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. त्यातले बहुतेक शेतकरी. पागेतला घोडा असो की लंडनची बोट, त्याचा पैसा शेवटी याच रयतेच्या सारावसुलीतून यायचा.

१९३० च्या दशकात एकीकडे जयपूरची टीम कप जिंकत होती आणि दुसरीकडे संस्थानातल्या शेखावाटी भागात शेतकरी जहागीरदारांच्या जाचक वसुलीविरुद्ध उभे राहत होते.

या असंतोषाला संघटित रूप दिलं ते जयपूर राज्य प्रजामंडळाने. त्याचे अध्यक्ष होते जमनालाल बजाज. वर्ध्याला गांधीजींना घेऊन येणारे हेच ते जमनालालजी. त्यांचा जन्म जयपूर संस्थानातल्या सीकरच्या परिसरातला.

डिसेंबर १९३८ मध्ये जयपूर सरकारने त्यांना संस्थानात यायला बंदी घातली. १९३९ मध्ये बंदी मोडून ते जयपूरला गेले आणि स्थानबद्ध झाले. स्वतः गांधीजी या सत्याग्रहाच्या पाठीशी उभे राहिले. अनेक महिन्यांनी बजाजांची सुटका झाली. संस्थानाचा कारभार तेव्हा एका इंग्रज दिवाणाच्या हाती होता, पण संस्थान मानसिंहांच्या नावाने चालत होतं.

पुढच्या काळात जयपूर बदललं. १९४२ साली मानसिंहांनी म्हैसूरमध्ये नाव कमावलेले सर मिर्झा इस्माईल यांना दिवाण म्हणून आणलं. रुंद रस्ते झाले, गावकुसाबाहेर नवं शहर वाढलं. जयपूरचा प्रसिद्ध एमआय रोड म्हणजे मिर्झा इस्माईल रोड.

१९४३ मध्ये गायत्रीदेवींच्या नावाची मुलींची शाळा निघाली. पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या मुलींनी शिकावं, हा तिचा हेतू होता. १९४७ मध्ये सवाई मानसिंह मेडिकल कॉलेज सुरू झालं.

राज्य गेलं, मग राजाने काय करायचं?

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या उपस्थितीत राजस्थान राज्याचं उद्घाटन झालं आणि जयपूर संस्थान त्यात विलीन झालं. मानसिंह नव्या राज्याचे राजप्रमुख झाले. वर्षाला १८ लाख रुपयांचा तनखा ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजप्रमुखपदही संपलं.

वय ४४. आता ना राज्य, ना पद.

यानंतरचं एकच वर्ष पाहिलं तरी हा माणूस कळतो. १९५७ मध्ये त्यांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे राहत्या रामबाग पॅलेसचं हॉटेल केलं. राजवाड्यात पैसे देऊन कुणीही राहायचं, ही कल्पना तेव्हा अनेकांना रुचली नाही. घरातही नाराजी होती. पण एवढा मोठा वाडा तनख्यावर पोसणं परवडणार नाही, हे त्यांनी इतर अनेक संस्थानिकांच्या आधी ओळखलं. कुटुंब शेजारच्या राजमहालात राहायला गेलं.

दुसरी गोष्ट पोलोची. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दोव्हिल इथल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताची टीम उतरली. कॅप्टन होते मानसिंह. सोबत ५७ वर्षांचे हणूतसिंह, कुंवर बिजयसिंह आणि मेजर किशनसिंह.

भारताने ही स्पर्धा जिंकली. भारतीय पोलोत हा विजय आजही वर्ल्ड कप म्हणूनच सांगितला जातो. १९३३ मध्ये मानसिंह जयपूरसाठी जिंकले होते. १९५७ मध्ये ते स्वतंत्र भारताच्या टीमकडून जिंकले.

पण तोवर भारतातला पोलो संकटात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लष्कराच्या घोडदळांकडे घोड्यांऐवजी रणगाडे आले. संस्थानं गेली तशा त्यांच्या पागाही ओस पडल्या. पोलोला घोडे पुरवणारे दोन्ही झरे एकदम आटले.

हा खेळ वाचण्यात मोठा वाटा राहिला तो ६१ कॅव्हलरीचा. विलीन झालेल्या संस्थानांच्या घोडदळांतून १९५० च्या दशकात लष्कराने ही रेजिमेंट उभी केली. त्यात जोधपूर-जयपूरचे कछवाह हॉर्स होते, म्हैसूर लान्सर्स होते आणि शिंद्यांच्या घोडदळाचा वारसा सांगणारे ग्वाल्हेर लान्सर्सही होते. रेजिमेंटचं ठाणं जयपूरला आलं. शहरात तयार मैदान होतं, खेळाडू होते आणि खेळाला हात देणारे मानसिंहही होते. पूर्वी पोलोमागे संस्थानी खजिना असायचा, आता लष्कर उभं राहिलं.

शेवटची चकर

१९६० च्या दशकात जयपूरच्या घरात राजकारण आलं. १९६२ मध्ये गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षाकडून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि विक्रमी मताधिक्याने जिंकल्या. मानसिंह त्याच वर्षी राज्यसभेत गेले. १९६५ मध्ये भारताचे राजदूत म्हणून ते स्पेनला गेले आणि काही वर्षांनी परतले.

या सगळ्यात पोलो मात्र सुटला नाही. हिवाळा जयपूरला आणि उन्हाळा इंग्लंडला, हा क्रम कायम होता. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप त्यांचे पोलोमित्र. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ आणि फिलिप जयपूरला आले, तेव्हा त्यांचा पाहुणचार मानसिंहांनी केला.

पण शरीर थकत होतं. घोड्यावरून पडणं, हाडं मोडणं हे पोलो खेळणाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेलं असतं. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर बहुतेक जण काठी खाली ठेवतात. मानसिंहांनी ती ठेवली नाही.

२४ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर इथल्या पोलो मैदानावर ते कोसळले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय ५७. ऐबकानंतर ७६० वर्षांनी हिंदुस्तानातल्या आणखी एका राजाचा शेवट याच खेळाच्या मैदानावर झाला.

पार्थिव जयपूरला आणलं गेलं. गैटोर इथे, कछवाह राजांच्या छत्र्या आहेत तिथे, अंत्यसंस्कार झाले. रस्त्यांवर लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. ज्यांच्यावर राज्य करणं २१ वर्षांपूर्वीच संपलं होतं, त्या लोकांची ही गर्दी होती.

दीड वर्षात, डिसेंबर १९७१ मध्ये, घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताब रद्द झाले. हे पाहायला मानसिंह नव्हते. थोरले चिरंजीव भवानीसिंह पॅराशूट रेजिमेंटमध्ये होते. १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. आणीबाणीत गायत्रीदेवी तिहार तुरुंगात गेल्या. जयपूरच्या घराण्याचा पुढचा काळ सोपा नव्हता.

आज काय उरलं?

रामबाग आजही देशातल्या महागड्या हॉटेलांपैकी एक आहे. त्याच्या शेजारच्या मैदानावर हिवाळ्यात पोलोचा सीझन भरतो. खेळाडू, सेलिब्रिटी, घड्याळांचे आणि गाड्यांचे ब्रँड, टोप्या घातलेल्या बायका असं सगळं चित्र तिथे असतं. इन्स्टाग्रामवर दिसतं ते हेच.

मणिपूरमध्ये मात्र हा खेळ आजही साध्या घरांतली पोरं छोट्या मणिपुरी तट्टांवर बसून खेळतात. इंफाळचं मापाल कांगजेईबुंग हे जगातल्या सर्वांत जुन्या पोलो मैदानांपैकी एक. तिथे शॅम्पेन नसते. पोलोला श्रीमंतीचा वर्ख लागला तो नंतर, आणि तो लावणाऱ्यांत जयपूरचं नाव वरचं आहे.

आणि मानसिंहांचं नाव? जयपूरमध्ये रिक्षावाल्याला एसएमएस म्हटलं की तो पोलोच्या मैदानावर नेत नाही. तो नेतो सवाई मानसिंह हॉस्पिटलला. राजस्थानच्या कानाकोपऱ्यातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे रोज सकाळपासून केसपेपरच्या रांगेत उभे असतात. त्यातल्या बहुतेकांनी पोलोची मॅच कधी पाहिलेली नसते, पण सवाई मानसिंहांचं नाव त्यांच्या हातातल्या केसपेपरवर छापलेलं असतं.